बिचारा म्हणू नका

गेल्या रविवारी सकाळी जुहूच्या वाळूत खंड्याला फिरवत होतो. ओहोटी होती, त्यामुळे वाळू लांबपर्यंत ओली आणि घट्ट. खंड्या आपला नेहमीप्रमाणे मेलेल्या माशांचा तपास करत चाललेला. समोरून एक बाई आल्या, थांबल्या, वाकून बघितलं.

"अगं बाई, ह्याच्या तोंडाला काय झालं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. खालच्या जबड्यात गाठ होती, ऑपरेशन केलं, जबड्याचा पुढचा भाग काढला.

"बिचारा!" मग जरा थांबून, "म्हणजे... तुम्ही मुद्दाम काढला?"

गेल्या सात महिन्यांत हा संवाद मी किती वेळा केलाय याची मोजदाद ठेवली नाही. 'बिचारा'च्या नंतर साधारण तीनपैकी एक वाक्य येतं. एक, 'खर्च किती आला?' दोन, 'ह्या वयात कशाला?' आणि तीन, 'आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही अशीच गाठ होती, पण त्यांनी नाही बाई असले हाल केले त्याचे.' हे तिसरं वाक्य ऐकलं की मला राग येतो. पण रस्त्यात उभं राहून वाद घालता येत नाही, कारण खंड्याला पुढे जायचं असतं. म्हणून आज सुट्टीचा दिवस धरून नीट लिहितोय.

आधी खंड्याची ओळख. वय साधारण नऊ, जात अस्सल मुंबईकर, म्हणजे रस्त्यावरची. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत सापडला आणि मग राहिलाच. आईने आठवडाभर 'हा इथे राहणार नाही' असं सांगितलं, आठव्या दिवशी त्याच्यासाठी वेगळं पातेलं काढलं. थोडक्यात काय, तर घरातला माणूस.

आता कबुलीजबाब. ती गाठ मला दिसली नाही. निदान तीन-चार महिने तरी तिथे असणार. खंड्याच्या तोंडाला वास येत होता. मी काय केलं? ऑनलाइन दात साफ करायच्या कांड्या मागवल्या. हाडाच्या आकाराच्या, पुदिन्याच्या वासाच्या. कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, त्यात काय एवढं, हे आपण सगळेच गृहीत धरतो. मग तो पोळीचा तुकडा उचलून खाली पाडायला लागला. आई म्हणाली, "म्हातारा झाला आता." मग एक दिवस त्याच्या पाण्याच्या भांड्यात गुलाबी रंगाची तार दिसली. तेव्हा कुठे मी त्याचा खालचा ओठ ओढून बघितला. डाव्या सुळ्याच्या पायथ्याशी, हिरडीवर, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खरबरीत गाठ. सुळा बाजूला ढकलला गेलेला.

दिवसभर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा मी, पायाशी झोपणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बघितलं नव्हतं.

इथून पुढे दुसरी चूक, आणि ही जास्त महागाची. आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे सांगितलं, हिरडी वाढली आहे, वयाने होतं, कापून टाकू. भूल दिली, गाठ वरच्यावर कापली, खरवडली, संध्याकाळी खंड्या घरी. मला इतकं हायसं वाटलं की कापलेल्या तुकड्याचं काय केलं हे मी विचारलंसुद्धा नाही. तो कचऱ्यात गेला होता. अडीच महिन्यांनी गाठ परत आली. आधी शेंगदाण्याएवढी होती ती आता सुपारीएवढी, आणि सुळ्याच्या पुढचे छोटे दात हलायला लागलेले.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. सर्व्हर पडला, लॉग न बघता रीस्टार्ट केला, चालू झाला, सगळे घरी गेले. पुढच्या शुक्रवारी रात्री पुन्हा तेच. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी शिव्या घालत नाही, नावही घेणार नाही. दिवसाला पन्नास प्राणी बघणारा माणूस आहे, आणि तुकडा तपासायला पाठवू का विचारलं की दहातले नऊजण त्याच्या खर्चावरून घासाघीस करत असणार. मी तर त्या नऊजणांत आलोच असतो. पण या लेखातून तुम्ही एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या: कुत्र्याच्या तोंडातून काही कापून काढलं, तर ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत गेलंच पाहिजे. कापलेली गाठ फेकून देणं म्हणजे आलेलं पत्र न फोडता जाळून टाकणं.

कारण डोळ्यांना सगळ्या गाठी सारख्याच दिसतात. आणि त्यांची नावं वेगळी निघाली की पुढचा रस्ताच वेगळा होतो. हे मला नंतर ज्या सर्जनबाईंकडे गेलो त्यांनी कागदावर चौकोन काढून समजावलं. (इंजिनियर दिसला की सगळे फ्लोचार्टच काढतात!)

पहिला चौकोन मेलानोमाचा. कुत्र्यांच्या तोंडात होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी, आणि सगळ्यात दगाबाज. नाव मेलानोमा असलं तरी प्रत्येक वेळी काळा नसतो, गुलाबीही असतो. तो मानेतल्या लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत लवकर पसरतो, म्हणून जबडा कापण्याआधी छाती बघावी लागते. दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा हाडात घुसतो, पण तोंडाच्या पुढच्या भागात असला तर लांब पसरायला वेळ घेतो, आणि वेळेवर पूर्ण काढला तर कुत्रा खरोखर बरा होऊ शकतो. तिसरा फायब्रोसार्कोमा. हा जिथल्या तिथे पुन्हा पुन्हा उगवणारा. चौथं नाव उच्चारायला मला दोन दिवस लागले: अॅकँथोमॅटस अमेलोब्लास्टोमा. दात ज्या ऊतींतून तयार होतात तिथून उगवणारी ही गाठ. हिची तऱ्हा विचित्र. ही कॅन्सर नाही, शरीरात कुठेही पसरत नाही, पण जिथे आहे तिथलं हाड मात्र खात जाते. त्यामुळे नुसती हिरडी खरवडून उपयोग नाही, मुळं हाडात राहतात. भोवतालच्या निरोगी हाडाची सेंटिमीटरभर तरी कड घेऊन काढावी लागते. तशी काढली, की बहुतेक वेळा विषय संपतो.

आणि पाचवा चौकोन, जो परदेशी पुस्तकांत कोपऱ्यात असतो आणि आपल्याकडे मधोमध यायला हवा: टीव्हीटी. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांना हे नाव तोंडपाठ असतं. आमच्या किनाऱ्यावर रोज पंधरा-वीस कुत्र्यांना भात घालणारे एक काका आहेत, त्यांनी खंड्याचं तोंड बघून लगेच निदान केलं होतं. "टीव्हीटी असणार. कापू नका. चार सुया घ्या, गळून पडेल."

हा आजार म्हणजे एक अजबच प्रकार आहे. नेहमी कॅन्सर म्हणजे आपल्याच पेशी बिघडतात. इथे बिघडलेली पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून. म्हणून ती गाठ नाकात आणि तोंडातही सापडते. शास्त्रज्ञांनी या पेशींची जनुकं तपासली तेव्हा कळलं, की जगभरातल्या कुत्र्यांमधली ही गाठ म्हणजे काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशी आहेत. कुत्रा केव्हाच मेला, त्याची गाठ अजून फिरतेय. इतका काळ स्वतःच्या प्रती काढत राहणारा व्हायरस आम्ही आयटीवाल्यांनीही बघितलेला नाही.

आणि हिच्यावरचं औषध कुठून येतं? सदाफुलीतून. तीच ती गुलाबी-पांढरी सदाफुली, जी आपल्या चाळीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात कुणी पाणी न घालताही फुलायची. तिच्यापासून व्हिनक्रिस्टिन मिळतं, १९६०च्या दशकापासून लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवरही तेच वापरतात. टीव्हीटी असलेल्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. (म्हणून सदाफुलीची पानं वाटून कुत्र्याला देऊ नका! ते विष आहे. सुईसुद्धा शिरेबाहेर सांडली तर कातडी सडते, त्यामुळे ती डॉक्टरांनीच द्यायची.) किनाऱ्यावरची एक काळी कुत्री, जिच्या नाकातून महिनोन्महिने रक्त यायचं, ती याच औषधाने बरी झालेली मी बघितली आहे. आता ती भेळवाल्यांच्या मागे आरामात लोळत असते.

म्हणजे बघा. भात घालणाऱ्या काकांचं ऐकून नुसत्या सुया घेत बसलो असतो, तर खंड्याचं हाड पोखरत राहिलं असतं. आणि उलट, एखाद्या टीव्हीटीवाल्या कुत्र्याचा जबडा उगाच कापला, तर चार सुयांचं काम सुरीने केल्याचं पाप. दोन्ही गाठी फोटोत सारख्याच दिसतात. दोघींमधला फरक फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतो, आणि त्यासाठी लागतो भुलेखाली घेतलेला एक छोटा तुकडा आणि आठ-दहा दिवसांचा धीर.

खंड्याचा रिपोर्ट आला: चौथा चौकोन. अमेलोब्लास्टोमा. छातीचे एक्सरे स्वच्छ, मानेतल्या ग्रंथींत काही नाही, रक्त ठीक, गोचिडांच्या तापाची भानगड नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र गाठ जबड्याच्या मध्यरेषेच्या पलीकडे गेलेली दिसली. साध्या एक्सरेत हाड बरंच झिजेपर्यंत काही दिसत नाही, म्हणून सीटी. म्हणजे दोन्ही सुळे, पुढचे सगळे छोटे दात आणि खालच्या जबड्याची हनुवटी, सगळं जाणार. पहिल्यांदाच तुकडा तपासला असता, तर बहुधा एकाच बाजूवर भागलं असतं. हे 'बहुधा' माझ्या डोक्यातून जात नाही.

घरी सभा भरली. आई गप्प. बाबा म्हणाले, डॉक्टर सांगतील तसं. आणि विरोध केला तो काकांनी.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. काकू गेल्यापासून आमच्याकडेच असतात. तीस वर्षं तंबाखूचा विडा गालात. २०१६ साली परळला टाटा हॉस्पिटलमध्ये त्यांचं जबड्याचं ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचं हाड काढून तिथे पायाचं हाड बसवलं, मग विजेचे शेक. जीव वाचला. पण तेव्हापासून काका घरच्यांकडे पाठ करून जेवतात. लग्नकार्यात जात नाहीत. फोनवर बोलत नाहीत, कारण समोरच्याला शब्द कळत नाहीत आणि 'काय?' असं तीनदा विचारलं की त्यांना फोन आपटावासा वाटतो.

ते म्हणाले, "त्याचे हाल करू नका. मला विचारा काय असतं ते. मी हो म्हणून सही केली होती. त्याने कुठे केली आहे?"

यावर काय बोलणार? सर्जनबाईंचे चौकोन, इंटरनेटवरचे व्हिडिओ, माझं सगळं वाचन एकीकडे, आणि हे वाक्य एकीकडे. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण काकांचा मुद्दा खरा होता. कुत्र्याची संमती कुणी घेत नाही. आपण आपल्या भीतीपोटी त्याच्या शरीराचा निर्णय घेतो.

दुसऱ्या दिवशी मी सर्जनबाईंना तोच प्रश्न विचारला. त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा: माणसाला जबडा जाण्याचं दुःख तीन प्रकारचं असतं. दुखणं, खाण्याची अडचण, आणि तोंड गेल्याची लाज. पहिल्या दोघांवर आमच्याकडे बऱ्यापैकी उपाय आहेत. तिसरं कुत्र्याला होतच नाही. आणि 'काहीच करू नका' हाही निर्णयच असतो. गाठ वाढत जाईल, दात एकेक पडतील, हाड मोडूही शकेल, तोंड मिटणार नाही. त्या मार्गावरही त्याची सही नाहीच.

मी हो म्हटलं. पण एक अट मनाशी ठरवली होती, ती इथे सांगतो, कारण हा लेख 'काहीही झालं तरी ऑपरेशन करा' असं सांगणारा नाही. छातीच्या एक्सरेत काही दिसलं असतं तर मी जबडा कापू दिला नसता. उरलेले महिने दुखण्याचं औषध, मऊ जेवण आणि वेळ आली की शांतपणे झोपवणं, इतकंच केलं असतं. आपल्याला सोडवत नाही म्हणून कापणं आणि त्याला जगता यावं म्हणून कापणं, यातला फरक ऑपरेशनच्या आधीच ठरवावा लागतो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून ठरवता येत नाही.

ऑपरेशन कुठे केलं ते लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायची. सकाळी सोडलं, दुपारी फोन आला, सगळं नीट झालं. संध्याकाळी बघायला गेलो तर मला रडूच फुटलं. सुजलेलं तोंड, खालचा ओठ आत ओढून शिवलेला, लाळेत रक्त. हा पहिला दिवस कुणीही फोटो काढून ठेवू नये असाच असतो, आणि याच फोटोंमुळे लोक घाबरून नाही म्हणतात.

पुढचं मात्र दिवसवार सांगतो, कारण हेच कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधल्या मुलीने उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून त्याचे लिंबाएवढे गोळे केले आणि एकेक तळहातावर धरले. खंड्याने पहिला हुंगला. दुसरा जिभेने ओढायचा प्रयत्न केला, तो पडला. तिसरा वरच्या दातांत धरून मान मागे टाकली आणि गिळला. मग उरलेले अकरा.

तिसऱ्या दिवशी घरी. गळ्यात ती लाउडस्पीकरसारखी कॉलर, दोन आठवडे. ती काढायची नाही म्हणजे नाही. पंजाने टाके ओढले तर सगळं उसवतं, आणि या ऑपरेशनात टाके उसवणं हीच सगळ्यात मोठी कटकट. टाके विरघळणारे होते, काढायला लागले नाहीत. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच, वजनाप्रमाणे. (घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन कुत्र्याला कधीही देऊ नका, जीव जाऊ शकतो.)

पहिला आठवडा म्हणजे लाळ. फरशीवर लाळ, सोफ्यावर लाळ, माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर लाळ. खालचा बांध गेल्यामुळे पाणी पिताना अर्धं बाहेर. आईने जुन्या चादरी फाडून लाळेरी शिवली. चार आठवडे सगळं मऊ: खिमट, दहीभात, चिकनचे गोळे, कांदा-लसूण-मिठाशिवाय. हाड नाही, चेंडू नाही, दोरी ओढणं नाही. दहाव्या दिवशी शेवटचा रिपोर्ट आला. काढलेल्या हाडाच्या कडा स्वच्छ. गाठ पूर्ण निघाली होती.

सहाव्या आठवड्यात तो किनाऱ्यावर गेला. जीभ एका बाजूने लोंबत होती, अजूनही लोंबते. चेंडू आता त्याला नीट धरता येत नाही, दोनदा निसटतो. तिसऱ्यांदा तो त्याला नाकाने ढकलत आणतो. ही पद्धत त्याला कुणी शिकवलेली नाही.

आणि काका. तिसऱ्या दिवशी खंड्या घरी आला तेव्हा ते खोलीतून बाहेरच आले नाहीत. चौथ्या दिवशी मी गोळे भरवत असताना दारात येऊन उभे राहिले. खंड्याने एक गोळा पाडला, शोधला, पुन्हा पाडला, शेवटी गिळला आणि शेपटी हलवत दुसऱ्यासाठी उभा. काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मला दीड महिना नळी होती." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून सकाळचे गोळे भरवायचं काम त्यांनी घेतलं. मला ऑफिसला उशीर होतो म्हणून, असं कारण दिलं. माझं त्या आठवड्यात घरूनच काम चालू होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

याचा अर्थ काका बदलले वगैरे नाही. ते अजूनही आमच्याकडे पाठ करूनच जेवतात. फक्त खंड्या त्यांच्या समोर बसलेला असतो, म्हणजे एका प्राण्यासमोर तरी ते जेवतात. 'तुमचं म्हणणं चूक होतं' असं मी त्यांना कधी म्हणालो नाही, कारण ते चूक नव्हतं. ते त्यांच्या जबड्याबद्दल होतं. आपण सगळेच कुत्र्याकडे बघताना आपलाच चेहरा बघत असतो. त्या बाईंचं 'बिचारा' हेही तेच.

आता त्या तीन वाक्यांकडे येतो.

'ह्या वयात कशाला?' वय हा आजार नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय नीट असेल तर नऊ वर्षांचा कुत्रा भूल सोसतो. तोंडातल्या गाठी बहुतेक करून उतारवयातच होतात. म्हणजे वयाच्या कारणाने नाही म्हणायचं ठरवलं, तर जवळजवळ सगळ्यांनाच नाही म्हणावं लागेल.

'खर्च किती?' माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. 'एवढ्यात एखाद्या गरीब माणसाचं भलं झालं असतं' हेही ऐकलं. हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. कूपर हॉस्पिटलवरून रोज जातो, बाहेर फुटपाथवर बसलेले नातेवाईक दिसतात. पण हा प्रश्न नवीन गाडी घेणाऱ्याला कुणी विचारत नाही, कुत्र्यावर खर्च करणाऱ्यालाच विचारतात. आणि खरं सांगायचं तर माझा निम्मा खर्च अज्ञानाचा होता. महिन्यातून एकदा ओठ उचलून बघणं फुकट. पहिल्यांदाच तुकडा तपासायला पाठवणं त्यामानाने स्वस्त. ते दोन्ही मी केलं नाही, म्हणून सुरी मोठी लागली. मी सगळ्यांना मोठ्या ऑपरेशनवर खर्च करा म्हणत नाही. मी म्हणतो, स्वस्तातलं आधी करा.

आणि हे फक्त घरातल्या कुत्र्यांपुरतं नाही. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, म्हणजे आपलं बैलघोडा, एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. सर दिनशा पेटिटांनी आपल्या पत्नीच्या नावाने दिलेल्या देणगीतून. १८८६ साली त्याच आवारात बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालं. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल गेले, पण गरीब माणूस आजही आपली बकरी किंवा कुत्रा घेऊन तिथेच जातो. जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल उघडलं. रतन टाटांनी स्वतःच्या कुत्र्याला उपचारांसाठी अमेरिकेत मिनेसोटाला न्यावं लागल्याचं सांगितलं होतं, आणि असं हॉस्पिटल मुंबईत व्हावं ही त्यांची जुनी इच्छा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. म्हणजे मोठी ऑपरेशनं आता या शहरात होतात. कमी आहे ती खालची पायरी: गल्लीतल्या दवाखान्यात तुकडा तपासायला पाठवण्याची सवय, आणि तो पाठवा म्हणून आग्रह धरणारे मालक. भात घालणाऱ्या आमच्या काकांसारख्या लोकांच्या हातात उद्या हीच सोय आली, म्हणजे कमी पैशात तुकडा तपासून मिळाला, तर किनाऱ्यावरचे कितीतरी कुत्रे चार सुयांत बरे होतील. निर्बीजीकरण वाढलं तर टीव्हीटी मुळातच कमी होईल. हे काम महापालिका आणि संस्था करतात, त्यांना आपली सोसायटी गेट उघडत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. असो.

तिसरं वाक्य राहिलं. 'त्यांनी नाही असले हाल केले.' मी त्या शेजाऱ्यांना ओळखत नाही. कदाचित त्यांच्या कुत्र्याच्या छातीत पसरलेलं असेल, आणि त्यांचा निर्णय बरोबर असेल. पण तुकडा न तपासता, नाव न विचारता, केवळ दिसायला वाईट दिसेल म्हणून नाही म्हटलं असेल, तर हाल त्यांनीही केले. फक्त ते रस्त्यात दिसले नाहीत.

खंड्याची पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी जायचं असतं. काका येतो म्हणालेत. परळलाच त्यांना स्वतःलाही टाटामध्ये दाखवायचंय, जे ते गेली दोन वर्षं टाळत होते.

तेवढ्यात तुम्ही एक करा. कुत्रा जवळ असेल तर आत्ताच त्याचा ओठ उचला. आधी डावीकडचा, मग उजवीकडचा, मग जिभेखाली. अर्धा मिनिट लागतो.